आजचं चिंतन : हजार चंद्र, आणि न दिसलेले



गेल्या पौर्णिमेला आमच्या तुळिंजच्या घरी आबांचं, म्हणजे माझ्या आजोबांचं, सहस्रचंद्रदर्शन झालं. बऱ्याच जणांनी स्टेटस बघून विचारलं, "हे नेमकं काय असतं रे?" म्हणून आजचं चिंतन त्यावरच.

आधी हिशोब बघू. वर्षाला 12 पौर्णिमा, म्हणजे 80 वर्षांच्या झाल्या 960. पण आपल्या पंचांगात साधारण 32-33 महिन्यांनी अधिक मास येतो. 2023 साली अधिक श्रावण आला होता, आठवतोय ना? 80 वर्षांत असे तीसच्या आसपास अधिक मास येतात. म्हणजे झाल्या 990. उरलेल्या दहा पौर्णिमा पुढच्या दहा महिन्यांत. म्हणून ऐंशी पूर्ण करून एक्याऐंशीव्या वर्षात असलेल्या माणसाने हजार पूर्णचंद्र पाहिले असं मानतात. साठीची उग्ररथ शांती, सत्तरीची भीमरथी शांती, त्याच वाटेवरचा हा पुढचा टप्पा.

आमच्याकडे तयारी जोरात होती. हॉल घ्यायचा का, केटरर कुठला, आबांना फेटा बांधायचा की टोपीच बरी, यावर फॅमिली ग्रुपवर दोनशे मेसेज झाले. त्यातले निम्मे माझेच. मग गुरुजी यादी द्यायला घरी आले. त्यांनी सगळं नीट समजावलं. गणेशपूजन, पुण्याहवाचन, कलशावर चंद्राची चांदीची प्रतिमा, हवन, मग औक्षण आणि गुळाची तुला. शेवटी ते आबांना म्हणाले, "आबा, हजार पौर्णिमा झाल्या तुमच्या!"

आबा शांतपणे म्हणाले, "गुरुजी, ज्या दिसल्याच नाहीत, त्यापण धरायच्या का हो?"

सगळे हसले. मीपण हसलो. पण रात्री झोप लागेना.

आमची बिल्डिंग चार मजल्यांची, लिफ्ट नाही. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. गुडघे गेल्यापासून, म्हणजे दोन पावसाळे झाले, आबा फक्त डॉक्टरकडे जायला खाली उतरलेत, तेही दिवसा. आमच्या खिडकीतून समोरच्या बिल्डिंगची खिडकी दिसते, तिच्यावर पाण्याची पाइप, आणि वर हातभर आकाश. त्या हातभर आकाशात चंद्र काही येत नाही. मी सकाळी लोकल पकडायला पळतो, रात्री येतो तेव्हा आबा झोपलेले असतात. ज्या माणसाचं चंद्रदर्शन आम्ही थाटात करणार होतो, त्याला दोन वर्षांत कुणी एकदाही चंद्र दाखवला नव्हता. आणि हे कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

शास्त्र काय सांगतं बघा. तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत शिकून घरी निघालेल्या शिष्याला गुरू शेवटचा उपदेश करतात. त्यात आई, वडील, गुरू आणि अतिथी यांना देव मानायला सांगितलंय. गंमत अशी, की हा उपदेश लहान मुलाला केलेला नाही. शिक्षण संपलेल्या, आता संसाराला लागणाऱ्या तरुणाला केलाय. म्हणजे आपल्याच वयाच्या माणसाला! वेळ नाही म्हणणारा माणूस तेव्हाही तोच असणार.

आणि देव मानणं म्हणजे काय? देवाला आपण वर्षातून एकदा हार घालून मोकळे होतो का? रोज दिवा लावतो, दोन मिनिटं समोर उभे राहतो. आपल्या पुंडलिकाचंच बघा. दारात साक्षात विठ्ठल आला, तरी त्याने आईवडिलांची सेवा अर्धी सोडली नाही. देवाला वीट दिली आणि थांबायला सांगितलं. आपण मात्र फोन वाजला की आबांचं वाक्य अर्ध्यावर सोडून उठतो.

रविवारी सगळा सोहळा छान झाला. 81 दिव्यांनी औक्षण झालं. तुपाच्या वाटीत आबांनी स्वतःचा चेहरा पाहिला. तुलेचा गूळ वाटून टाकला. संध्याकाळी पाहुणे पांगल्यावर मी, माझा चुलतभाऊ आणि खालच्या मजल्यावरची दोन मुलं, अशा चौघांनी आबांना खुर्चीसकट उचललं आणि गच्चीवर नेलं. "अरे पाडाल मला," म्हणत होते, पण खुर्चीचे हात घट्ट धरून बसले होते.

पूर्वेला तुंगारेश्वरच्या डोंगरावर चंद्र नुकताच वर आला होता. आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "गिरणीत रात्रपाळीला असायचो ना, तेव्हाच्या बऱ्याच पौर्णिमा साच्यावरच गेल्या. बाहेर यायचो तर उजाडलेलं."

1982 च्या संपानंतर गिरणी सुटली, लालबागची खोली सुटली आणि आबा इकडे नालासोपाऱ्याला आले. मिळेल ते काम केलं. त्यातून माझ्या बाबांचं शिक्षण झालं, आणि त्यातूनच मी आज ऑफिसात बसून मोबाइलवर हे लिहितोय. तेव्हा मला आबांच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. न दिसलेल्या पौर्णिमा धरायच्याच. आधी त्याच धरायच्या, कारण त्या त्यांनी आपल्यासाठी सोडल्या. आपल्याकडे पितृऋण म्हणतात ते अशा रात्रींचंही असतं. ते माणूस गेल्यावर श्राद्धात आठवायचं, की तो समोर बसलेला असताना, हे आपण ठरवायचंय.

पुरुषसूक्तात चंद्र हा विराट पुरुषाच्या मनापासून झाला असं म्हटलंय. मला वाटतं, म्हाताऱ्या माणसाला चंद्र दाखवणं म्हणजे त्याच्या मनाची विचारपूस करणं. त्याला गुरुजी लागत नाहीत, मुहूर्त लागत नाही. चार खांदे आणि एक खुर्ची पुरते. आम्ही ते दोन वर्षं केलं नाही, याची मला लाज वाटते, म्हणून इथे लिहून ठेवतोय.

आजचा संकल्प : पंचांगात पुढची पौर्णिमा बघा. घरातल्या एका वडीलधाऱ्या माणसाला गच्चीवर, अंगणात, निदान रस्त्यापर्यंत घेऊन जा. फोटो नाही काढला तरी चालेल. ते गावी असतील तर फोन लावा आणि दोघांनी एकाच वेळी चंद्राकडे बघा. मग त्यांना विचारा, तुमच्या कुठल्या पौर्णिमा राहून गेल्या? आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत उठू नका.

आमची पुढची ठरलीय. गच्चीची किल्ली मी सोसायटीकडून आत्ताच मागून ठेवलीय.

राम कृष्ण हरी.