जगात नऊशेवा

दिवाळीत मावशीनं मला स्वयंपाकघरात बोलावून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाली, "तू समजाव त्याला. तुझं ऐकतो तो."

'तो' म्हणजे माझा मावसभाऊ. वय २४, व्यवसाय टेनिस, जागतिक क्रमांक नऊशेच्या आसपास. समजवायचं काय, तर आता पुरे. पदवी आहे, एखादी नोकरी बघ.

मावशीचं चुकत नव्हतं. गेली दहा वर्षं त्या घरात गाडी कधी बदलायची, सुट्टीत कुठे जायचं, धाकटीनं कुठल्या कॉलेजात जायचं, हे सगळं त्याच्या खर्चातून काय उरतं त्यावर ठरत आलंय. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, दर महिन्याला पगार येणारा. म्हणून समजावण्याची पात्रता माझ्याकडे आहे, असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. मीसुद्धा.

रात्री गच्चीवर विषय काढला. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "दादा, तू तुझ्या कामात जगात कितवा आहेस?"

मी हसलो. मग लक्षात आलं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. आणि ते कुणी मागत नाही म्हणूनच माझं बरं चाललंय.

त्याच्याकडे मात्र उत्तर आहे. दर सोमवारी ते नव्यानं जाहीर होतं.

टेनिसच्या उतरंडीत तळाला आयटीएफच्या १५ हजार डॉलरच्या स्पर्धा असतात. ही रक्कम अख्ख्या स्पर्धेची, एका खेळाडूची नाही. एकेरीच्या विजेत्याला त्यातले साधारण २,१६० डॉलर मिळतात. पहिल्या फेरीत हरणाऱ्याला १५६, म्हणजे तेरा-चौदा हजार रुपये, तेही कर कापण्याआधी. ट्युनिशियातल्या मोनास्तीरला आणि तुर्कस्तानातल्या अंताल्याला अशा स्पर्धा आठवड्यामागून आठवडे चालतात. भाऊ मोनास्तीरला तीन-तीन आठवडे राहतो. तिकीट, हॉटेल, रॅकेटचं गटिंग, सगळं पदरचं. कोच सोबत नेणं परवडत नाही. कमावलेले गुणही ५२ आठवड्यांनी गळून पडतात. माझं गेल्या वर्षीचं काम दर वर्षी सीव्हीवरून पुसलं गेलं असतं, तर मी किती वर्षं टिकलो असतो?

टेनिसमधल्या गैरप्रकारांची चौकशी करणाऱ्या स्वतंत्र समितीचा अहवाल २०१८ मध्ये आला. व्यावसायिक म्हणवणारे जवळपास १५ हजार खेळाडू, त्यातल्या निम्म्यांची बक्षिसाची कमाई शून्य. कोचचा खर्च न धरताही तोंडमिळवणी होते ती फक्त अडीचशे ते साडेतीनशे जणांची.

त्या अडीचशेतला एक सुमित नागल. यूएस ओपनमध्ये २०१९ साली फेडररकडून पहिला सेट जिंकणारा. सप्टेंबर २०२३ मध्ये त्यानं सांगितलं की त्याच्या बँक खात्यात सुमारे ९०० युरो आहेत, म्हणजे ८० हजार रुपये. पगार, बक्षिसं, जे हाती आलं ते सगळं टूरवर घातलेलं. तेव्हा तो जगातल्या पहिल्या दोनशेत होता. चार महिन्यांनी ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये पात्रता फेरी खेळून आत आला आणि त्यानं अलेक्झांडर बुब्लिकला सरळ सेटमध्ये हरवलं. ग्रँड स्लॅम एकेरीत मानांकित खेळाडूला भारतीयानं हरवण्याची ही १९८९ नंतरची पहिली वेळ. त्या एका विजयानं १,८०,००० ऑस्ट्रेलियन डॉलर पक्के झाले. आम्ही सगळ्यांनी स्टेटस ठेवले.

मला प्रश्न पडतो तो इथे. सप्टेंबरमधला नागल आणि जानेवारीतला नागल ही दोन वेगळी माणसं होती का? फोरहँड तोच, पाय तेच, पहाटेचा सराव तोच. बदललं ते त्याच्याबद्दलचं आपलं वाक्य. 'बिचारा'चा 'हिरो' झाला.

कुणासाठी हे वाक्य कधीच बदलत नाही. आयर्लंडचा कॉनर नायलंड २०११ च्या विम्बल्डनमध्ये पहिल्या फेरीत पाचव्या सेटमध्ये ४-१ असा पुढे होता. आणखी दोन गेम, आणि पुढच्या फेरीत समोर फेडरर. ते दोन गेम झाले नाहीत. त्याचा सर्वोच्च क्रमांक १२९. जगातला एकशे एकोणतिसावा उत्कृष्ट हृदयशल्यविशारद आपल्या शहरात आला तर आपण रांगा लावू. एकशे एकोणतिसाव्या टेनिसपटूला मात्र लोक विचारतात, 'मग पुढे काही जमलं नाही का?'

यामागचं एक कारण साधं आहे. मी एखादा बग सोडवला की तो सुटतो. माझ्याहून हुशार लाखो इंजिनिअर जगात आहेत म्हणून तो परत येत नाही. माझ्या कामाचा मोबदला मिळायला कुणी हरावं लागत नाही. वर्षातून एकदा अप्रेझलला आम्हालाही क्रम लावतात, त्या आठवड्यात ऑफिसातले लोक एकमेकांशी कसे बोलतात ते पाहिलं की भावाचं आयुष्य थोडं कळतं. आमचा तो आठवडा, त्याचे ५२.

आणि हरणाऱ्याशिवाय हा खेळच उभा राहत नाही. ग्रँड स्लॅमच्या १२८ जणांच्या ड्रॉमधले १२७ हरूनच घरी जातात. ज्यांना हरवून पुढचे मोठे होतात, ते कुणीतरी असावेच लागतात. शिवाय तळातल्या सामन्यांची दुसरीकडे कमाई होत होतीच. छोट्या स्पर्धांचा लाइव्ह स्कोअर सट्टेबाजीच्या बाजाराला विकला जात होता, आणि १५ हजारी स्पर्धांचा डेटा विकणं थांबवा, असं त्याच समितीनं सुचवलं. ज्या पॉइंटवर दूरदेशी कुणीतरी पैसे लावत होतं, तो खेळणारा त्या रात्री खोलीचं भाडं कुणाबरोबर वाटून घ्यायचं ते शोधत होता. एटीपीनं २०२४ पासून पहिल्या २५० जणांना किमान उत्पन्नाची हमी दिली, १७६ ते २५० क्रमांकांना वर्षाला ७५ हजार डॉलर. चांगलंच झालं. नऊशेव्यापर्यंत ते पोचत नाही.

इथवर लिहून मी भावाच्या बाजूनं निकाल दिला असता, तर लेख सोपा झाला असता. पण धाकटीचं काय? तिला हवं होतं ते कॉलेज महाग म्हणून सुटलं. 'स्वप्नाचा पाठलाग कर' म्हणणारे लोक त्या स्वप्नाचं बिल कोण भरतंय ते विचारत नाहीत. त्याला खेळायचा हक्क आहे. तिच्या वाट्याच्या पैशांवर खेळायचा हक्क त्याला आपोआप मिळत नाही.

त्या रात्री मला उमगलं ते इतकंच: आपण दोन वाक्यं एकात कालवतो. 'हे परवडत नाही' आणि 'तुला जमलं नाही'. पहिलं खरं असू शकतं, आणि खरं असेल तर ते स्पष्ट बोलायला हवं. दुसरं खोटं आहे. पण पहिलं म्हणायला आपण कचरतो, पैशांचं बोलणं बरं दिसत नाही म्हणून. मग त्याच्या जागी दुसरं म्हणतो. हिशेबाचा प्रश्न माणसाच्या लायकीवर ढकलतो. यात क्रूरपणा आहे, आणि तो प्रेमानं बोलल्यामुळे कमी होत नाही.

मी त्याला पहिलं वाक्य सांगितलं, धाकटीचं नाव घेऊन. दुसरं सांगितलं नाही. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "जूनपर्यंतचे पैसे माझे आहेत. त्यानंतर आईकडून घेणार नाही." सकाळी क्लबवर मुलांना शिकवायचं, त्यातून जमेल तितकंच खेळायचं. मावशीला हे पुरेसं वाटलं नाही. मलाही ते पूर्ण उत्तर वाटत नाही.

जानेवारीत मोनास्तीरहून त्याचा मेसेज आला. फक्त स्कोअर: ६-७, ६-४, ५-७. पहिलीच फेरी. मी 'हरकत नाही' लिहिलं आणि खोडलं. 'पुढच्या वेळी' लिहिलं, तेही खोडलं. शेवटी विचारलं, "तिसऱ्या सेटमध्ये काय झालं?"

तो पंधरा मिनिटं टाइप करत होता.