शंकासमाधान : मोदक, दानपेटी आणि पापांची वही

वसईच्या पट्ट्यातील पुष्कळ धर्मग्रामांत चर्च आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात उभी असतात, आणि मिस्सा कोठे संपली व शाळा कोठे सुरू झाली हे तेथील लहान मुलांना नेमके सांगता येत नाही. त्याच बाकांवर कॅथलिक मुलांच्या शेजारी हिंदू, मुसलमान आणि बौद्ध घरांतील मुलेही बसत असल्यामुळे, मोठ्यांच्या सभांतून ज्या प्रश्नांवर व्याख्याने होतात ते प्रश्न येथे मधल्या सुट्टीत, डबा उघडताना उपस्थित होतात. आमच्याकडे अलीकडे आलेल्या शंका बहुतेक पालकांच्या व शिक्षिकांच्या आहेत. नावे अर्थातच गाळली आहेत.

प्रश्न : माझा मुलगा दुसरीत आहे. गणपतीच्या सुट्टीनंतर त्याच्या बाकावरच्या मित्राने घरचा मोदक डब्यातून आणून त्याला दिला. मूर्तीपुढचे खाणे पाप आहे असे सासूबाईंनी बजावून ठेवले असल्याने त्याने तो मित्रासमक्ष कुंपणाबाहेर भिरकावला. तो मुलगा रडत घरी गेला व बाईंनी मला बोलावून घेतले. खाल्ला असता तर पाप लागले असते काय? आणि सासूबाईंना मी काय सांगू? — एक माता

उत्तर : आपल्या सासूबाईंची शंका ख्रिस्तसभेइतकीच जुनी आहे, तेव्हा तिची थट्टा करण्याचा अधिकार कोणालाही नाही. करिंथ ही रोमन वसाहत असता तेथील देवळांत बळी दिलेल्या पशूंचे मांस पुढे बाजारात विक्रीस येई, सणासमारंभाच्या पंक्तीत वाढले जाई, आणि नव्याने ख्रिस्ती झालेल्यांपैकी काही जण ते बेलाशक खात, तर काहींचे मन त्या नुसत्या वासानेच कासावीस होई. या तंट्यावर संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या आठव्या व दहाव्या अध्यायांत निवाडा दिला आहे. पण आपल्याकडे त्या निवाड्याचा अर्धाअर्धा भाग पाठ केलेले दोन पक्ष आहेत. एक पक्ष म्हणतो की मूर्ती ही काहीच नव्हे, सबब अन्न ते अन्न. दुसरा म्हणतो की प्रभूच्या मेजावर जेवणाऱ्याने दुसऱ्या मेजाचा भागीदार होऊ नये. पौलाने ही दोन्ही वचने लिहिली आहेत हे खरे, परंतु त्यांच्या पुढे तो जे म्हणतो ते मात्र दोन्ही पक्ष सोयिस्करपणे वगळतात: बाहेरच्याने जेवायला बोलावले तर पुढ्यात येईल ते चौकशी न करता खावे; कोणी मुद्दाम नैवेद्याचे म्हणून सांगितले तर खाऊ नये, आणि तेही आपल्या मनासाठी नव्हे तर सांगणाऱ्याच्या मनासाठी. म्हणजे खाण्याचा आणि न खाण्याचा निर्णय त्याने ताटातील पदार्थावर न ठेवता समोर बसलेल्या माणसावर ठेवला आहे.

आता आपल्या प्रकरणात समोर बसलेला माणूस सात वर्षांचा आहे. त्याने कोणाच्या श्रद्धेची परीक्षा पाहिली नाही, कोणाला पूजेला बसविले नाही; आईने केलेली आवडती वस्तू त्याने स्वतःच्या वाट्यातून काढून मित्राला दिली. आरतीत उभे राहणे, पूजेत भाग घेणे ही उपासना आहे आणि ती ज्याची त्याची असते. शाळेच्या बाकावर मित्राच्या हातून घेतलेला मोदक हा आमच्या मते स्नेहाचा व्यवहार आहे, आणि तो खाल्ल्याने आपल्या मुलास पाप लागले नसते. या बाबतीत धर्मगुरूंमध्येही कमीअधिक सोवळेपणा आढळतो, हे आम्ही लपवीत नाही. ज्याचे मन घेत नाही त्याने "मला नको, पण तू आणलास म्हणून बरे वाटले" इतके म्हणून हात जोडावेत, त्यातही काही गैर नाही. गैर झाले ते भिरकावण्यात. त्या कृत्याने पौलाचा निवाडा दोन्ही बाजूंनी मोडला, कारण त्यात ना स्वतःच्या मनाची शांती राहिली ना दुसऱ्याच्या मनाची पर्वा. अर्थात त्याचा जाब दुसरीतल्या मुलाकडून फारसा मागता येत नाही.

सासूबाईंना मुलासमोर खोटे पाडू नका. त्यांना एवढेच विचारा की नाताळात आपल्या घरची करंज्या-केकची ताटे आळीतल्या हिंदू घरी जातात, ती त्यांनी कुंपणाबाहेर टाकलेली आपणास कशी वाटतील. चिमाजी अप्पांनी 1739 साली वसई घेतली तेव्हापासून, आणि त्यापूर्वीही, येथील ख्रिस्ती समाज शेजाऱ्यांच्याच भाषेत व त्यांच्याच हंगामांबरोबर जगत आला आहे. ऑक्टोबरात आगेऱ्याच्या दिवशी शेतातले नवे पीक चर्चमध्ये आणून त्यावर आशीर्वाद मागणाऱ्या पिढीला, कापणीचे पहिले दाणे देवापुढे ठेवणाऱ्या शेजाऱ्याचे मन समजावून सांगावे लागेल असे आम्हाला वाटत नाही. मुलाला घेऊन त्या मित्राच्या घरी एकदा जाऊन या, जाताना काही गोड घेऊन जा, आणि क्षमेचे तयार वाक्य त्याच्याकडून घोकून घेऊ नका. मुले आपसांत हे फार लवकर मिटवितात. आयांनाच वेळ लागतो.

प्रश्न : आम्ही हिंदू. मुलगी सिस्टरांच्या शाळेत तिसरीत आहे. हल्ली ती जेवणापूर्वी क्रुसाची खूण करते, त्यामुळे माझे वडील संतापले आहेत. शाळेची शिस्त उत्तम आहे, शाळा सोडावयाची नाही. प्रार्थनेतून सूट मागितली तर मुलीवर राग धरला जाईल काय? — एक पालक

उत्तर : सूट मागणे हा आपला हक्क आहे. भारतीय संविधानाच्या 28 व्या अनुच्छेदाच्या तिसऱ्या खंडाप्रमाणे, सरकारमान्य किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळेत कोणालाही धार्मिक शिक्षणास वा उपासनेस हजर राहण्याची सक्ती करता येत नाही, आणि विद्यार्थी अज्ञान असल्यास पालकाची संमती लागते. मुख्याध्यापिकेस दोन ओळींचा अर्ज द्यावा. कारण लिहू नये आणि त्यांनीही ते विचारू नये. हा केवळ कायद्याचा बडगा आहे असेही समजू नका, कारण दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 7 डिसेंबर 1965 रोजी प्रसिद्ध केलेल्या धर्मस्वातंत्र्यावरील जाहीरनाम्यात श्रद्धेच्या बाबतीत कोणावरही जबरदस्ती होऊ नये हे तत्त्व ख्रिस्तसभेने स्वतःच्या मुखाने मांडले आहे. ज्या कॅथलिक शाळेत असा अर्ज आल्यावर त्या मुलीकडे वाकड्या नजरेने पाहिले जाईल, त्या शाळेने प्रथम स्वतःच्याच ख्रिस्तसभेचे दफ्तर उघडून वाचावे.

तथापि मुलीला मात्र रागावू नका. आठ वर्षांचे मूल जे पाहते ते करते. तिच्या मैत्रिणी जेवणापूर्वी कृतज्ञतेने थांबतात हे तिने पाहिले आणि हात उचलला. आजोबांनी तिला आपल्या घरची जेवणापूर्वीची प्रार्थना शिकवावी. ती तीही तितक्याच आवडीने म्हणेल.

या निमित्ताने शाळांनाही एक सांगावयाचे आहे. कॅथलिक मुले धर्मशिक्षणाच्या तासाला गेली की उरलेल्यांसाठी मूल्यशिक्षणाचा तास असतो, आणि तो बहुधा त्या वेळी मोकळ्या सापडलेल्या शिक्षिकेच्या गळ्यात पडतो, मग ती मुलांना शुद्धलेखन घालून स्वतः वह्या तपासते. एका गटाला देव व दुसऱ्याला शुद्धलेखन अशी वाटणी मुलांच्या लक्षात येत नाही असे समजू नये.

प्रश्न : राखेच्या बुधवारी वर्गातील सर्वच मुले राख लावून घेण्यास रांगेत उभी राहतात. अख्रिस्ती मुलांना मागे ओढावे काय? — एक शिक्षिका

उत्तर : ओढू नये. राख हा संस्कार नसून उपसंस्कार आहे, आणि धर्मकायद्यानुसार आशीर्वाद अख्रिस्ती व्यक्तींसही देता येतात. ख्रिस्तप्रसादाची गोष्ट निराळी. तो कॅथलिकांसाठीच आहे, हे मुलांना आदल्या दिवशी वर्गात गोडीने सांगून ठेवावे, म्हणजे वेदीपाशी कोणाचा हात धरून मागे नेण्याचा प्रसंग येणार नाही. राखेबाबतही पालकांची हरकत नाही ना, एवढे अगोदर पाहावे.

प्रश्न : प्रायश्चित्तकाळात आमच्या शाळेत प्रत्येक वर्गाला दानपेटी मिळते. दर शुक्रवारी जमा रक्कम फळ्याशेजारील तक्त्यावर लिहितात आणि पहिल्या येणाऱ्या वर्गास खाऊ मिळतो. यंदा माझ्या वर्गातील एका मुलाने पहिला नंबर यावा म्हणून वडिलांच्या खिशातून पैसे काढले. त्याला काय शिक्षा करावी? — चौथीची वर्गशिक्षिका

उत्तर : प्रथम तो तक्ता उतरवावा, शिक्षेचा विचार त्यानंतर. मंदिराच्या भांडारात श्रीमंतांनी टाकलेल्या मोठ्या रकमांपेक्षा गरीब विधवेची दोन नाणी अधिक भरली, ही गोष्ट मार्काच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात आहे आणि आपण ती बहुधा त्याच वर्गात, त्याच फळ्याशेजारी शिकविली असेल. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात दान गुप्त ठेवावयास सांगितले आहे, तेही मुलांच्या पाठ्यक्रमात येते. ज्या भिंतीपाशी हे शिकविले त्याच भिंतीवर रकमांची चढाओढ लावली तर मुले कोणता धडा गिरवतील हे सांगण्यास मोठ्या अनुभवाची गरज नाही. त्या मुलाने चोरी केली यात संशय नाही, आणि पैसे त्याने स्वतःच्या हाताने वडिलांना परत द्यावेत. पण वर्गाच्या नावलौकिकासाठी चोरी करावी ही बुद्धी त्याला कोठून सुचली, याची रुजवात शिक्षकांच्या खोलीतच व्हावी.

आमची दुसरी हरकत याहून खोलची आहे. प्राथमिक शाळेतील मुलाजवळ स्वतःची कमाई नसते. ते पेटीत टाकते तो पैसा बापाचा, आणि ज्या घरात तो नसतो त्या घरचे मूल शुक्रवारी पेटी फिरताना खाली मान घालून बसते. चाळीस दिवसांच्या साधनेचा हेतू या मुलाला खाली मान घालावयास लावणे हा खचितच नव्हे. मुलाचे स्वतःचे म्हणून जे असते ते म्हणजे त्याचा खेळाचा वेळ, त्याचे हातपाय, त्याची आवडती वस्तू. पहिलीच्या मुलांना जिना उतरताना हात द्यावा, आवारातील झाडांना पाणी घालावे, आजारी पडलेल्या सोबत्याच्या घरी अभ्यास पोहोचवावा, भांडलेल्याशी आधी बोलावे. याचा जमाखर्च मांडता येत नाही, म्हणूनच शाळांना ते आवडत नसावे. पैसेच जमवावयाचे असतील तर शाळेची मिळून एकच पेटी दारापाशी ठेवावी आणि आकडा कोणालाही सांगू नये, व्यवस्थापनाच्या वहीत तो असतोच.

प्रश्न : पहिल्या पापनिवेदनाच्या तयारीसाठी मी मुलांना त्यांची पापे वहीत लिहून आणावयास सांगते व वह्या तपासून देते, म्हणजे काही राहून जात नाही. एका पालकांनी यास हरकत घेतली आहे. — धर्मशिक्षणाची शिक्षिका

उत्तर : हरकत योग्य आहे. पापनिवेदनात कानी आलेली गोष्ट धर्मगुरूने कोणत्याही कारणास्तव उघड करावयाची नसते. दुभाष्याची मदत घ्यावी लागली तर त्याच्यावरही गुप्ततेचे बंधन येते, इतके ख्रिस्तसभेने हे गुपित जपले आहे. तेथे आपण लाल शाईने शेरे मारता! मूल आपल्याला दाखवावयाची पापे लिहिते आणि खरी पोटात ठेवते, आणि धर्मगुरूसमोर वाचते ती आपण मंजूर केलेली यादी. वह्या परत करा व फाडून टाकावयास सांगा. आत्मपरीक्षणाचे प्रश्न अवश्य शिकवा, उत्तरे ऐकू नका.

प्रश्न : पहिल्या ख्रिस्तप्रसादासाठी सर्वांकडे हॉल, बँड आणि जेवणावळ ठरली आहे. आमची ऐपत नाही. मुलीला एक वर्ष मागे ठेवावे काय? — रोजंदारीवर जाणारा पिता

उत्तर : एक दिवससुद्धा मागे ठेवू नका. पूर्वी अनेक ठिकाणी मुलांना दहाबारा वर्षांची होईपर्यंत थांबवीत असत. परमगुरू दहावे पायस यांनी 8 ऑगस्ट 1910 च्या आज्ञेने ती वहिवाट मोडली आणि सातव्या वर्षाच्या सुमारास, साधी भाकर व ख्रिस्तप्रसाद यांतील भेद मुलास समजू लागला की त्यास वेदीपाशी येऊ द्यावे असे ठरविले. त्या आज्ञेत हॉल नाही, बँड नाही. तो परमगुरू रीसे नावाच्या खेड्यातील गरीब घरात जन्मला होता. मुलीस धुतलेला स्वच्छ पोशाख घाला आणि घरी त्या दिवशी तिच्या आवडीचे कालवण करा. आपल्या धर्मगुरूंना मात्र हे पत्र आम्ही, आपले नाव न सांगता, दाखविणार आहोत. सर्व मुलांना एकसारखे साधे पांढरे कपडे आणि चर्चच्या आवारात एकत्र न्याहारी, अशी तजवीज त्यांना एका आदेशाने करता येईल, आणि ज्यांनी हॉल ठरविले आहेत त्यांच्यापैकी निम्मे लोक मनातून सुटकेचा निःश्वास टाकतील.

प्रश्न : 15 ऑगस्टला मारियामातेच्या स्वर्गोन्नयनाचा सण आणि स्वातंत्र्यदिन एकत्र येतात. शाळेने मिस्सा आधी ठेवावी की झेंडावंदन? दरवर्षी यावरून वाद होतो, आणि दरवर्षी झेंडावंदनाच्या वेळी एकदोन मुले चक्कर येऊन पडतात. — एक मुख्याध्यापक

उत्तर : पहिल्या प्रश्नात आम्हाला फारसे तथ्य दिसत नाही, मिस्सा पहाटे ठेवा, झेंडावंदन ठरल्या वेळी करा, देव आणि देश यांपैकी कोणीही रांगेतील क्रमांकावरून रुसणार नाही. मुले चक्कर येऊन पडतात ती उपाशी असतात म्हणून. ख्रिस्तप्रसाद घेणाऱ्याने मध्यरात्रीपासून काही खाऊ नये हा जुना नियम घरोघरच्या आज्याआजोबांनी अजून धरून ठेवला आहे. वास्तविक बाराव्या पायस यांनी 1957 साली तो तीन तासांवर आणला आणि 1964 मध्ये सहाव्या पॉल यांनी एका तासावर. साडेसहाची मिस्सा असेल तर सकाळी सव्वापाचला मुलाने कपभर दूध व दोन बिस्किटे खाण्यास काहीही प्रत्यवाय नाही, आणि पाणी तर केव्हाही चालते. हे परिपत्रकाने पालकांस कळवा, मिस्सा व झेंडावंदन यांच्यामध्ये अर्धा तास सोडा, आणि त्या अर्ध्या तासात व्हरांड्यात सर्व मुलांना, मिस्सेला आलेल्या आणि न आलेल्याही, गरम उपमा द्या.