आपला होता तो

२०२५ साली गौरीपूजन १ सप्टेंबरला आलं. पुरणपोळीची पंगत उठून, भांडी घासून झाली, गौरींसमोरच्या समया मंदावल्या, तरी घरातल्या एखाद्या कोपऱ्यात मोबाइलचा उजेड चेहऱ्यावर घेऊन कोणीतरी जागं होतंच. इंग्लंडमध्ये संध्याकाळचे सात म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा, आणि त्या ठोक्याला तिकडची ट्रान्सफर विंडो, म्हणजे खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची मुदत, बंद होणार होती. न्यूकॅसलचा स्ट्रायकर अलेक्झांडर इसाक त्या दिवशी लिव्हरपूलचा झाला. किंमत साडेबारा कोटी पौंड. ब्रिटिश फुटबॉलमध्ये तोवर कोणत्याच खेळाडूसाठी एवढी रक्कम मोजली गेली नव्हती.

साडेपाच महिन्यांपूर्वी, १६ मार्चला, याच इसाकने वेम्ब्लीवर लीग कपच्या अंतिम सामन्यात गोल केला होता, तोही लिव्हरपूलविरुद्ध. १९५५नंतर न्यूकॅसलच्या हाती देशातला मोठा चषक पहिल्यांदाच आला. त्या रात्री जे ढसाढसा रडले, त्यांच्यातल्या पुष्कळांना वडिलांनी नुसत्या गोष्टीच सांगितल्या होत्या. मग उन्हाळा उजाडला. इसाक संघाबरोबर आशियाच्या दौऱ्यावर गेलाच नाही. रेआल सोसिएदाद या आपल्या जुन्या क्लबच्या आवारात एकट्याने सराव करत राहिला. ऑगस्टमध्ये त्याने जाहीर केलं की आपल्याला दिलेलं वचन मोडलं गेलं. क्लब म्हणाला, असं वचन कोणी दिलंच नव्हतं.

वचन हा शब्द बाजारातला नाही. बाजारात करार असतो, त्याला मुदत असते, कलमं असतात. पण दर उन्हाळ्यात युरोपातल्या क्लबांभोवती जो गलका उठतो, त्यात करारापेक्षा निष्ठा, कृतघ्नता, द्रोह, लेकरू हेच शब्द जास्त ऐकू येतात. भाषा देवळातली आणि व्यवहार पेढीवरचा. ही गल्लत म्हणून सोडून द्यावी, की तिच्यात काही तथ्य आहे?

आधी अफवांचं बघू, कारण महिना-दोन महिने चाहता त्यांच्यावरच जगतो. न्यायदर्शनाने ज्ञानाची चार साधनं मानली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. अस्सल चाहता चारही कामाला लावतो. विमानतळावरचा फोटो हे प्रत्यक्ष. खेळाडूने इन्स्टाग्रामवरून क्लबचं नाव काढलं, म्हणजे धूर दिसला, म्हणजे डोंगरावर आग असणारच, हे अनुमान. गेल्या साली अमक्याचंही असंच झालं होतं, हे उपमान. आणि शब्द म्हणजे फॅब्रिझिओ रोमानो. या इटालियन पत्रकाराने ‘हिअर वी गो’ एवढे तीन शब्द टाकले की सौदा झाला असं जग धरून चालतं. नैयायिकांच्या मते वस्तू जशी आहे तशी ठाऊक असलेला आणि तशीच सांगू इच्छिणारा तो आप्त; त्याचा शब्द प्रमाण. मात्र या धंद्यात बातमी ज्यांच्याकडून निघते त्या एजंटांचं पोट सौद्यावरच असतं, आणि जुन्या नैयायिकाने तिथेच हरकत घेतली असती. बरं, चारही प्रमाणं जुळली म्हणून गोष्ट घडतेच असंही नाही. ३१ ऑगस्ट २०१५ला मँचेस्टर युनायटेडचा गोलरक्षक दाविद दे हेया रेआल माद्रिदचा झालाच होता. कागदपत्रं वेळेत पोचली नाहीत आणि तो राहिला युनायटेडमध्येच, पुढची आठ वर्षं.

अफवा विरतात. त्यांनी उघडी पाडलेली भीती तशीच राहते: हाही गेला तर मागे उरणारं ते नेमकं काय?

प्लूटार्कने नोंदवलेलं थीसिअसचं जहाज तत्त्वज्ञानाच्या वर्गात सगळ्यांना भेटतं. अथेन्सकरांनी ते जपलं, कुजलेली फळी काढून नवी बसवत गेले. शेवटी ते तेच जहाज राहिलं का? फुटबॉल क्लबला हा प्रश्न जशाच्या तसा लागू पडतो. खेळाडू बदलतात, प्रशिक्षक बदलतात, मालक, मैदान, क्वचित बोधचिन्हही बदलतं. सतराव्या शतकात थॉमस हॉब्जने या कोड्याला एक खवचट शेपूट जोडलं. समजा, काढून टाकलेल्या जुन्या फळ्या कोणी जपून ठेवल्या आणि त्यांचंच दुसरं जहाज बांधलं, तर खरं कोणतं?

हॉब्जचं हे दुसरं जहाज फुटबॉलमध्ये खरोखरच बांधलं गेलं. ५ ऑगस्ट २०२१ला बार्सिलोनाने जाहीर केलं की लिओनेल मेस्सी क्लबमध्ये राहू शकत नाही. तेराव्या वर्षी आलेला हा मुलगा. त्याच्याशी पहिला करार झाला तो कागदी नॅपकिनवर. खात्यावर ६७२ गोल. क्लबच्या डोक्यावर कर्जाचा डोंगर आणि लीगची पगारमर्यादा आड आलेली. ८ ऑगस्टला पत्रकारांसमोर तो बोलायला उभा राहिला आणि बोलण्याआधीच रडला. पॅरिसमध्ये दोन वर्षं काढून २०२३मध्ये तो इंटर मियामीत गेला. पाठोपाठ सर्जिओ बुस्केट्स आला, जॉर्डी आल्बा आला, पुढच्या मोसमाला लुईस सुआरेझ. मग प्रशिक्षक म्हणून हाविएर मास्चेरानो. पाचही जण जुने बार्सिलोनाकर. बुस्केट्सने चेंडू मधल्या रेषेवर थांबवावा, आल्बाने डावीकडून धूम ठोकावी आणि मेस्सीने न बघता तिकडेच पास द्यावा, हे बार्सिलोनाच्या कॅम्प नोऊ मैदानावरचं दृश्य फ्लोरिडात गुलाबी जर्सीत दिसू लागलं. फळ्या त्याच, जोडही तेच. तरी इंटर मियामीला कोणी बार्सिलोना म्हटलं नाही. लोकांनी सामने पाहिले, आनंद लुटला, आणि काळजी करायची वेळ आली तेव्हा ती कातालोनियातल्या क्लबचीच केली.

म्हणजे क्लब फळ्यांमध्ये नाही. मग कुठे आहे?

एका जुन्या बौद्ध ग्रंथात मिलिंद राजाने भिक्षू नागसेनाला असंच विचारलं होतं, रथाच्या निमित्ताने नव्हे, माणसाच्या. उलट रथ आणला तो नागसेनाने. महाराज, आपण रथातून आलात. आस म्हणजे रथ का? चाक? जू? राजा प्रत्येकाला नाही म्हणत गेला आणि शेवटी कबूल झाला की हे सगळं एकत्र आलं की व्यवहारापुरतं ‘रथ’ असं नाव पडतं. फुटबॉलच्या चाहत्याला हे उत्तर सांगून पाहावं. तो म्हणेल, बुद्धीला पटतं. शनिवारी पोटात गोळा येतो तो कशाने?

त्याच ग्रंथातला आंब्याचा दाखला जास्त कामाचा. एकाने दुसऱ्याच्या झाडाचे आंबे चोरले. पकडल्यावर म्हणाला, मालकाने लावला तो आंबा वेगळा, मी नेले ते वेगळे; माझा गुन्हा काय? तरीही तो दोषीच ठरतो, कारण नंतरचे आंबे आधीच्या आंब्यातूनच आले. लिव्हरपूलच्या लोकांनी ट्रेंट अलेक्झांडर-अर्नोल्डवर ठेवलेला आरोप नेमका हाच आहे. हा पोरगा त्याच शहराचा, सहाव्या वर्षी अकादमीत लावलेलं रोप. ७ मे २०१९ला, बार्सिलोनाविरुद्ध, कॉर्नरच्या झेंड्यापासून दोन पावलं निघून गेल्यासारखं करून तो झटकन वळला, चेंडू मारला, आणि समोरच्या संघाच्या माना वर व्हायच्या आत ओरिगीने गोल केला. ४-० झाले. त्या एका कॉर्नरवर लिव्हरपूलचं अ‍ॅनफिल्ड मैदान जन्मभर जगलं असतं. ५ मे २०२५ला, वयाच्या २६व्या वर्षी, त्याने क्लब सोडत असल्याचं सांगितलं. करार संपत होता आणि तो रेआल माद्रिदला चालला होता. सहा दिवसांनी आर्सेनलविरुद्ध बदली खेळाडू म्हणून तो उतरला, तेव्हा घरच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. संघ लीग जिंकून बसला होता, तरी. नोव्हेंबरमध्ये माद्रिदचा खेळाडू म्हणून तो परत आला, तोवर स्टेडियमजवळच्या त्याच्या भित्तिचित्रावर कोणीतरी रंग फासला होता.

तक्रार काय, तर तो फुकट गेला. माद्रिदने जी काही रक्कम दिली ती महिनाभर आधी सोडण्यापुरती. त्याने आधी करार वाढवला असता, तर क्लबला कोट्यवधी मिळाले असते. इथे पुष्कळांना चाहत्यांचा ढोंगीपणा दिसतो: बोलायचं मायेचं आणि हिशेब मागायचा पैशांत. ऋणाची कल्पना आपल्याकडे मुरलेली आहे. जन्मतःच माणूस देव, ऋषी आणि पितर यांचा देणेकरी. मग अकादमीचं ऋण फेडण्याजोगं असेल, तर ते पैशांत फिटतं का?

पुरावा उलटसुलट आहे. जानेवारी २०१८मध्ये फिलिप कुटिन्यो लिव्हरपूलवर दबाव आणून बार्सिलोनाला गेला, पण चौदा कोटी पौंडांच्या आसपास रक्कम मागे ठेवून. त्याच सुमारास संघात बचावपटू व्हॅन डाइक आला आणि उन्हाळ्यात गोलरक्षक अलिसन, आणि लिव्हरपूलकर अजूनही म्हणतात की हे कुटिन्योच्या पैशांनी झालं. त्याला माफी मिळून गेली. उलट लुईस फिगो. २००० साली फ्लोरेन्तिनो पेरेझने रेआल माद्रिदच्या निवडणुकीत त्याला आणण्याचा शब्द दिला, निवडून आला, आणि करारातली सुमारे ६ कोटी युरोंची रक्कम भरून त्याला बार्सिलोनातून नेलं. पै न पै चुकती झाली होती. तरी २३ नोव्हेंबर २००२ला तो कॅम्प नोऊवर कॉर्नर घ्यायला गेला तेव्हा बाटल्या आल्या, नाणी आली आणि गवतावर डुकराचं मुंडकं येऊन पडलं. खेळ बराच वेळ थांबवावा लागला.

तेव्हा हिशेब पैशांचा नसावा. कुठे गेला, हे जास्त बोचतं. कोल्हापुरात एका पेठेत वाढलेला पोरगा पुढच्या मोसमात दुसऱ्या तालमीच्या फुटबॉल संघाची जर्सी घालून शाहू स्टेडियमवर उतरला, तर त्याच्या घराभोवतीच्या कट्ट्यांवर काय बोललं जातं हे ज्याने ऐकलंय, त्याला फिगो वेगळा समजावून सांगावा लागत नाही. संस्कृत ‘मम’पासून ममत्व झालं, आणि संतमंडळींनी तेच बंधनाचं मूळ मानलं. चाहता ‘आपला’ म्हणतो तेव्हा एक वचन तयार होतं. फक्त ते देणारा तो एकटाच असतो. सहा वर्षांच्या पोराने काहीच कबूल केलेलं नसतं. आंबेचोराचा दाखला इथे लंगडा पडतो: आंब्याला कोणी विचारलेलं नसतं की तुला कोणाचं व्हायचंय.

आणि खेळाडूला विचारायचंच नाही, असा काळ होऊनही गेला आहे. इंग्लंडमध्ये करार संपला तरी क्लब खेळाडूची नोंदणी अडवून ठेवू शके. जॉर्ज ईस्टहॅमला न्यूकॅसल सोडायचं होतं. क्लबने नकार दिला, तो खेळ सोडून नोकरीला लागला, शेवटी आर्सेनलला गेला आणि तरीही कोर्टात लढला. १९६३मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला. करार संपल्यावर पैसे न मोजता जाण्याचा हक्क मिळायला १५ डिसेंबर १९९५ उजाडावा लागला, तोही जाँ-मार्क बोसमन या बेल्जियन खेळाडूने आपली कारकीर्द पणाला लावली म्हणून. ट्रेंट ज्या दारातून बाहेर पडला ते दार बोसमनने उघडलेलं आहे. निष्ठा हवी असेल तर कुलूप नको. कुलपाआडच्या माणसाला निष्ठावान म्हणता येत नाही.

बिल्बाओच्या अ‍ॅथलेटिक क्लबने वेगळाच मार्ग धरला: जहाजाला फळी लागेल ती एकाच रानातली. शंभराहून अधिक वर्षं ते फक्त बास्क मुलखात जन्मलेले किंवा तिथे घडलेले खेळाडू घेतात, आणि स्पेनच्या पहिल्या श्रेणीतून ते एकदाही खाली घसरलेले नाहीत. पण रानही स्थिर नसतं. आज या क्लबचे लाडके असलेले इन्याकी आणि नीको विल्यम्स हे भाऊ, घानाहून सहारा वाळवंट तुडवत आलेल्या जोडप्याची मुलं. २०२५च्या उन्हाळ्यात नीको बार्सिलोनाला जाणार ही अफवा इतकी पक्की झाली की त्याचं भित्तिचित्र विद्रूप केलं गेलं. जुलैत क्लबने एक चित्रफीत काढली: त्या भिंतीशी स्प्रेचा डबा घेऊन उभा असलेला खुद्द नीको. करार २०३५पर्यंत. दहा वर्षं हा शब्द फुटबॉलमध्ये जवळजवळ धार्मिक वाटतो, जरी त्या करारातही क्लब सोडायची किंमत लिहिलेलीच आहे.

थीसिअसच्या कोड्याला अथेन्सपेक्षा सोपं उत्तर मराठी घरात दर भाद्रपदात मिळतं. मूर्ती दर वर्षी नवी. शाडू नवा, मूर्तिकार कधी नवा, सोंडेचा वळसा निराळा. तरी पाटावरून आणताना कोणी म्हणत नाही की हा दुसरा गणपती. आपलाच गणपती आला म्हणतात. बार्सिलोनाची दहा नंबरची जर्सी मेस्सीनंतर आन्सू फातीला मिळाली आणि जुलै २०२५मध्ये लामिन यमालला, अठराव्या वर्षी. प्रेक्षक तिच्यासाठी उभे राहतातच.

फरक एवढाच की घरच्या गणपतीची उत्तरपूजा होते. अक्षता वाहतात, मूर्ती जागेवरून किंचित हलवतात. तेवढ्याने देव गेला आणि माती उरली हे घरादाराला कळतं, लहान मुलांनासुद्धा. मग रडता येतं आणि रडून झाल्यावर जेवताही येतं. फुटबॉलला असला विधी जमलेला नाही. मेस्सीला भरल्या कॅम्प नोऊसमोर निरोप मिळालाच नाही. महासाथीमुळे मार्च २०२०पासून ती स्टँड रिकामीच होती.

२०२३मध्ये ते स्टेडियमही नूतनीकरणासाठी फोडायला घेतलं आणि क्लब मोन्ज्युइकच्या टेकडीवर खेळायला गेला. २२ नोव्हेंबर २०२५ला संघ घरी परतला. समोर होता नीकोचा अ‍ॅथलेटिक, निकाल ४-०, बसायला जागा झाली होती पंचेचाळीस हजारांची, वरच्या बाजूला क्रेन अजून तशाच. त्याच्या तेरा-एक दिवस आधी, एका रात्री, कोणालाही न कळवता मेस्सी तिथे येऊन गेला. सगळ्यांना कळलं ते त्याने स्वतःच फोटो टाकला तेव्हा. अर्धवट बांधलेल्या, रिकाम्या मैदानावर तो उभा आहे. तो खेळला ते हे स्टेडियम नव्हे. आणि तिथून गेलेला मेस्सीही तोवर अडतीस वर्षांचा.