आता परत जाणार का?

परमवीर चक्र जवळून पाहिलेली माणसं थोडीच असतील. जेमतेम साडेतीन सेंटिमीटर व्यासाची ब्राँझची चकती, मधोमध राजमुद्रा, तिच्याभोवती इंद्राची चार वज्रं, मागच्या बाजूला हिंदी-इंग्रजी अक्षरं आणि कमळाची फुलं, वर जांभळी फीत. ना सोनं, ना मीनाकाम. देशातला सर्वोच्च शौर्यसन्मान इतका साधा दिसावा, हे मला फार आवडतं.

त्याची आखणी एका युरोपीय बाईनं केली, ही गोष्ट दर प्रजासत्ताक दिनी फोनवरून फोनवर फिरते. १९१३ साली स्वित्झर्लंडमधल्या न्यूशातेलला जन्मलेली ईव्ह इव्हॉन. वडील हंगेरियन, आई रशियन, बालपण जिनेव्हात. सँडहर्स्टला लष्करी शिक्षण घेणाऱ्या विक्रम खानोलकर नावाच्या मराठी तरुणाशी ओळख झाली, वडिलांची नाराजी पत्करून मुलगी हिंदुस्थानात आली आणि १९३२ साली लग्न होऊन सावित्रीबाई खानोलकर झाली. मराठी शिकली, हिंदी शिकली, संस्कृत शिकली, उपनिषदं वाचली. स्वातंत्र्यानंतर नवी पदकं करायची ठरली तेव्हा मेजर जनरल हिरालाल अटल यांनी हे काम याच बाईंकडे सोपवलं. २६ जानेवारी १९५० ला परमवीर चक्र जाहीर झालं. पहिला मान मेजर सोमनाथ शर्मांचा, मरणोत्तर. आणि सावित्रीबाईंच्या मुलीचं सासर नेमकं याच शर्मांच्या घरातलं.

फोनवरची गोष्ट इथं संपते. मला खरं कुतूहल आहे ते पुढचं.

कारण १९५२ साली मेजर जनरल खानोलकर गेले. सावित्रीबाईंनी तेव्हा चाळिशीही गाठली नव्हती. त्यांचं निधन झालं २६ नोव्हेंबर १९९० ला. म्हणजे संसार वीस वर्षांचा आणि वैधव्य अडतीस वर्षांचं. पदकाचं काम त्या आयुष्यात किती दिवसांचं असेल? पण आपण आठवण काढतो ती तेवढ्याच दिवसांची.

परदेशातून आलेल्या सुनेचा नवरा गेला की आपल्याकडे, दहावं-तेरावं उरकण्याच्या आतच, कुणीतरी विचारतं, "आता परत जाणार का?" विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं, काळजीच असते. पण त्या काळजीखाली एक समजूत बसलेली असते: ही इथं आली नवऱ्यापायी, नवरा गेला म्हणजे इथलं तिचं कारण संपलं. खरं तर इथल्या पोरींनाही आपण हेच विचारत आलो. त्यांच्या बाबतीत शब्द तेवढे वेगळे, "माहेरी जाणार का?" बाई ज्या घरात वीस-तीस वर्षं राबली, ते घर एका माणसाच्या श्वासावर टांगलेलं आहे, असं आपण किती सहज धरून चालतो. आणि परकी असो की घरची, कपाळावरचं कुंकू गेलं की हळदीकुंकवाचं बोलावणं थांबायचं, हे दोघींना सारखंच. तेवढ्यापुरती परकी बाईसुद्धा पक्की आपली ठरायची!

सावित्रीबाई इथंच राहिल्या. फाळणीनं उखडलेल्या निर्वासितांसाठी आणि लढाईत कामी आलेल्या जवानांच्या कुटुंबांसाठी त्या काम करत. नवरा गेल्यावर मनाचा आधार त्यांनी अध्यात्मात शोधला, रामकृष्ण मठाशी स्वतःला जोडून घेतलं. हे एका ओळीत लिहून होतं, म्हणून ते सोपं वाटतं. जवान गेल्यावर त्याच्या घरी काय उरतं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना विचारा. दाराशी तार, मग वारसाचा दाखला, मग पेन्शनच्या कागदावर अंगठा कुठं उठवायचा ते, मग पैसा आईच्या नावावर की बायकोच्या, यावरून चुलीपुढची धुसफूस. शौर्याची वर्णनं करणारे तोवर पांगलेले असतात. असल्या घरांत जाऊन बसायचं, तर वक्तृत्व कामाचं नाही. रोज उठून जायची तयारी लागते.

आजवर परमवीर चक्रं दिली गेली एकवीस. त्यांतली चौदा मरणोत्तर. म्हणजे हे पदक छातीवर लागण्यापेक्षा कुणा आईबापाच्या, कुणा बायकोच्या ओंजळीत पडण्याचीच शक्यता जास्त. १९६५ च्या युद्धात पडलेल्या अब्दुल हमीदचं पदक पुढच्या प्रजासत्ताक दिनी त्याच्या बायकोनं, रसूलन बीबीनं, राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हातून घेतलं. गाझीपूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातली ती बाई. आणि ते पदक जिनं आखलं, तीही त्या वेळी विधवाच होती. दोघींची भाषा वेगळी, धर्म वेगळा, जन्माचा खंडही वेगळा.

वज्राची कल्पना सावित्रीबाईंनी घेतली ती दधीची ऋषींच्या कथेवरून. देवांना शस्त्र हवं होतं, ऋषीनं आपली हाडं दिली. त्यागाची ही गोष्ट आपल्याला पाठ असते. पण शिवपुराणात ती इथं थांबत नाही. दधीचीची बायको सुवर्चा परत येते, घडलेलं तिला कळतं आणि ती देवांना शाप देते. पोटातलं मूल जन्मल्यावर त्याला पिंपळाखाली ठेवते आणि नवऱ्यामागं निघून जाते. ते मूल म्हणजे पिप्पलाद. तिच्या संतापाची बाजू मला नेहमीच रास्त वाटत आली आहे. हाडं मागताना तिला कुणी विचारलं होतं? पुराणं मुरवून बसलेल्या सावित्रीबाईंना ही सुवर्चा ठाऊक नसणं कठीणच. त्यांनी मात्र मागं राहायचं पत्करलं आणि मागं राहिलेल्यांत जाऊन बसल्या.

आपला जन्म युरोपात चुकून झाला, असं त्या म्हणत म्हणे. हे ऐकलं की आपण खूश होतो, कारण त्यात आपलीच पाठ थोपटली जाते. मला त्याचं फारसं अप्रूप नाही. आत्मा कुठला, हे कोण ठरवणार? अडतीस वर्षं कुठं आणि कुणाच्या उपयोगी पडत काढली, हे मात्र दिसतं.

दुसरं नाव आठवतं ते नेली सेनगुप्ता यांचं. केंब्रिजमध्ये जन्मलेल्या या बाई १९३३ साली काँग्रेसच्या अध्यक्ष झाल्या आणि त्याच वर्षी पती जतींद्रमोहन रांचीला इंग्रजांच्या कैदेत वारले. पुढं फाळणी झाली, सासरचं चितगाव पाकिस्तानात गेलं. म्हणजे माहेर इंग्लंड, ज्या देशासाठी नवऱ्यानं तुरुंगवास भोगला तो भारत, आणि घर तिसऱ्याच देशात. तिथल्या अल्पसंख्याकांकडे लक्ष द्यायला हवं म्हणून, नेहरूंच्या शब्दाखातर त्या तिथंच राहिल्या, पूर्व पाकिस्तानच्या विधिमंडळात निवडून गेल्या. उपचारांसाठी कलकत्त्याला आल्या त्या १९७२ साली, बांगलादेश झाल्यानंतर. वैधव्याला तेव्हा चाळीस वर्षं होत आली होती. "परत जाणार का?" असं त्यांना कुणी विचारलंच असतं, तर नेमकं कुठं, हे आधी सांगावं लागलं असतं.

सावित्रीबाईंनी महाराष्ट्रातल्या संतांवर इंग्रजीत एक पुस्तक लिहिलं, 'सेंट्स ऑफ महाराष्ट्र'. भारतीय विद्या भवननं ते काढलं. मराठी न येणाऱ्या वाचकाला आपली संतमंडळी सांगायची, तर हे काम कुणी जाणत्या मराठी माणसानं करावं, असं आपण म्हणू. ते खानोलकरांच्या घरातल्या माणसानंच केलं की.