न वाचणाऱ्याचा हक्क

येडशी हे माझे आजोळ. लहानपणी सुट्टी लागली की कुर्डुवाडीला गाडी बदलायची आणि बार्शी लाइटच्या चिमुकल्या डब्यात बसायचे, हा आमचा वर्षाचा शिरस्ता. 1897 साली सुरू झालेली ती अडीच फुटी रुळांची गाडी आता राहिली नाही. पुढे तो सारा मार्ग रुंद झाला. पण त्या वेळी ती बालाघाटाच्या चढणीला लागली की इतकी सावकाश चाले, की दोन स्टेशनांमध्ये गोष्टीचे एक प्रकरण सहज वाचून व्हावे. मला वाचनाचा नाद लागला तो त्या गाडीत. निवृत्त झाल्यावर त्या ऋणाची अंशतः फेड करावी, म्हणून आजोळच्या परिसरातल्या एका शाळेला मी दोन पेट्या भरून पुस्तके दिली. सातवीच्या मुलांनी मला हार घातला. परतताना रामलिंगाचे दर्शन घेतले आणि मोठ्या समाधानाने घरी आलो.

वर्षाने पुन्हा गेलो तेव्हा पुस्तके कपाटात होती, कपाटाला कुलूप होते, आणि पुस्तकांची कोरी घडीसुद्धा मोडली नव्हती. मला राग आला. मुख्याध्यापक भला माणूस. तो खालच्या आवाजात म्हणाला, "साहेब, ही डेडस्टॉकच्या रजिस्टरात चढवली आहेत. एक हरवले तर जाब मला द्यावा लागतो." आणि मग, जरा थांबून, "शिवाय मुले तरी कुठे मागतात?"

त्या दोन वाक्यांत दोन कुलपे होती. पहिले कपाटाचे. त्याविषयी माझ्या मनात फारसा संदेह नाही. 'डेडस्टॉक' म्हणजे मेलेला साठा. त्या रजिस्टराने पुस्तकांचे वर्णन अगदी यथार्थ केले होते. बडोद्याच्या सयाजीरावांनी 1906 साली राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि पुढच्या काही वर्षांत वाचनालयांचे जाळे उभारून खेडोपाडी पुस्तकांच्या फिरत्या पेट्या धाडल्या. अक्षरओळख दिली आणि पुस्तक दिले नाही, तर अक्षर विसरते, हे त्या राजाला कळले होते. रंगनाथनांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यांतला पहिलाच असा की पुस्तके वापरण्यासाठी असतात. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यानेही प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवे आणि त्यात गोष्टीची पुस्तके हवीत, असे लिहून ठेवले. हरवलेले पुस्तक कोणाच्या तरी घरी असते. कुलपातले कोणाकडेच नसते. इतका हिशेब सरळ आहे.

दुसरे कुलूप मात्र मुलाच्या आत होते, आणि त्याची किल्ली माझ्यापाशी नव्हती.

व्हरांड्यात एक मुलगा उभा होता. मी विचारले, "का रे, तुला वाचायला आवडत नाही?" तो पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत राहिला. पुष्कळ वेळाने म्हणाला, "वाचलं की इचारतेत."

"काय विचारतात?"

"काय कळलं सांग म्हणतेत. तात्पर्य लिही म्हणतेत. नाही आलं की पोरं हसतेत."

मग कळले की हाच मुलगा सोयाबीनवरच्या औषधाच्या बाटलीवरचा बारीक मजकूर वडिलांना वाचून दाखवतो. एका पंपाला किती मिली, हे तोच सांगतो. म्हणजे वाचता येत होते. वाचनाचा पुढे होणारा पंचनामा त्याला नको होता. बाटली वाचली की पीक वाचते. पुस्तक वाचले की परीक्षा होते. त्याची निवड मला मूर्खपणाची म्हणवेना.

तेव्हापासून एक प्रश्न मनात घर करून आहे. कोणाला वाचायला लावण्याचा मला अधिकार आहे काय? दानिएल पेनाक या फ्रेंच लेखकाने, तो स्वतः शिक्षक होता, 1992 साली वाचकाचे हक्क सांगितले. त्यांतला पहिला हक्क न वाचण्याचा. वाचताना मला तो फार पटला होता. पण येडशीच्या त्या व्हरांड्यात तोच विचार काहीसा उर्मट वाटू लागला. ज्याच्या घरात चार कपाटे पुस्तके आहेत, त्याने न वाचणे ही निवड होय. ज्याच्या घरात पाठ्यपुस्तकाखेरीज छापील कागद नाही, त्याच्या न वाचण्याला हक्क म्हणणे म्हणजे उपाशी माणसाला उपवासाचे पुण्य बहाल करणे आहे. या भागाच्या बाबतीत तर हे विशेष खरे. 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि वरच्या वर्गांतले शिक्षण प्रामुख्याने उर्दूतून चाले. त्या मुलाच्या पणजोबांना आपल्या भाषेतले पुस्तक नाकारण्याची संधीसुद्धा फारशी मिळाली नसेल.

तेव्हा नकाराचा हक्क खरा व्हायचा, तर आधी होकार शक्य झाला पाहिजे. देणाऱ्याचे कर्तव्य तेथवर आहे, आणि तेथेच ते संपते.

गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाची लक्षणे आहेत: परतफेडीची अपेक्षा नको, देश, काळ आणि पात्र यांचा विचार हवा. पात्र पाहावे याचा अर्थ आपण नेहमी असा करतो, की घेणारा दानाला लायक आहे की नाही ते तपासावे. मी त्या दिवशी उलट तपासायचे ठरवले, आणि कपाट उघडून माझ्याच पुस्तकांसमोर बसलो. निबंधसंग्रह. चरित्रांचे तीन खंड, त्यांतला दुसरा गहाळ. बाराव्या वर्षी वाचावीत अशी पुस्तके पाचांत एक. बाकीची का दिली होती, हे आठवायला वेळ लागला नाही. पुण्यातल्या घराला रंग द्यायचा होता आणि मुलगा म्हणाला होता, "बाबा, हे कपाट एकदा रिकामे करा." माझ्या घरातली अडगळ मी आजोळी दान म्हणून पोचवली होती, आणि वर हारही घेतला होता. राग आला होता तो कोणाचा, हे मला तेव्हा उमगले.

मुख्याध्यापकाला मी हे सांगितले. तो हसला नाही, याबद्दल मी त्याचा आभारी आहे. पुढच्या महिन्यात दोन शिक्षक आणि सात-आठ मुले यांना घेऊन आम्ही बार्शीला पुस्तकांच्या दुकानात गेलो. निवड मुलांनी केली. भुतांच्या गोष्टी, क्रिकेट, साप, आणि एक विनोदांचे पुस्तक, जे मी जन्मात घेतले नसते. ही पुस्तके शाळेची नसून मुलांची, ती झिजली अथवा हरवली तरी माझी तक्रार नाही, असे मी लिहून दिले. शनिवारी शेवटच्या तासाला गुरुजींनी एक प्रकरण मोठ्याने वाचायचे, ऐन रंगात थांबायचे आणि कोणालाही काहीही विचारायचे नाही, एवढे ठरले. न विचारणे गुरुजींना फार जड गेले म्हणतात.

दिवाळीपूर्वी फोन आला. "साहेब, सापाचे पुस्तक गेले. त्याच पोराने नेले, परत आणत नाही. मागू का?"

मी नको म्हणालो. त्याने ते वाचले की नाही, हे विचारण्याचा मोह अनावर झाला होता. जिभेवर आलेला तो प्रश्न मी गिळला. तो विचारला असता, तर मीही तात्पर्य मागणाऱ्यांतलाच झालो असतो.