डोंगराची माती, ओढ्याच्या माथी

पहिल्या दमदार पावसात कोकणातले मासे उलटे निघतात. ओढ्यांच्या धारेविरुद्ध चढत उथळ पाण्यात अंडी घालायला जातात. या चढणीच्या माशांची गावे वर्षभर वाट पाहतात. रस्त्यासाठी उघडा पाडलेला डोंगरही नेमका याच दिवसांत खाली उतरतो.

मुंबई-गोवा महामार्गाचे चौपदरीकरण दशकाहून अधिक काळ रेंगाळले. प्रवाशांचे हाल झाले, त्यांच्या बातम्याही झाल्या. पण काम एक वर्ष लांबले की कापलेल्या उतारावरून आणखी एक पावसाळा वाहतो, हे कोणी मोजले नाही. जुलै 2021 मध्ये चिपळूणजवळच्या परशुराम घाटातली दरड पायथ्याच्या पेढे गावात आली, तेव्हा सगळ्यांचे लक्ष गेले. सरीसरीने वाशिष्ठी नदीकडे जाणारी लाल माती मात्र कोणत्याच पंचनाम्यात येत नाही.

ही बारीक माती दगडगोट्यांच्या फटींत बसते आणि तिथल्या अंड्यांना प्राणवायू मिळेनासा होतो. माशांच्या कल्ल्यांत कण अडकतात. तळापर्यंत ऊन पोचत नाही, म्हणून शेवाळ खुंटते आणि त्यावर जगणारे किडेही. शिवाय काँक्रीटची यंत्रे धुतलेले पाणी तीव्र अल्कधर्मी असते. मोठी नदी ते पचवू शकेल. चार ढांगांत ओलांडता येणारा पऱ्या कसा पचवणार?

माणसांचीही यातून सुटका नाही. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा गढूळपणा 1 एनटीयूपर्यंत (हे गढूळपणाचे एकक) असावा. दुसरा स्रोतच नसेल तर 5 पर्यंत चालतो. ओढ्यावरच्या छोट्या नळपाणी योजनेत शुद्धीकरण म्हणजे बहुधा ब्लिचिंग पावडर. गढूळ पाण्यात तिचाही जोर कमी पडतो, कारण जंतू मातीच्या कणांआड टिकून राहतात.

त्यातच महामार्गांच्या पर्यावरण मंजुरीचे नियम 2013 मध्ये सैल झाले. जुन्या राष्ट्रीय महामार्गाचे रुंदीकरण 100 किलोमीटरहून लांब असेल आणि मूळ मार्गावर 40 मीटरहून जास्त रुंदीची जादा जागा लागणार असेल, तरच मंजुरी लागते. ओढा बुजायला शंभर मीटरचा उघडा उतारही पुरतो.

रस्ता हवाच, रुग्णवाहिका त्यावरूनच धावते. पावसाआधी उतार गवताने किंवा काथ्याच्या जाळीने झाकणे, पाणी निवळण्यासाठी खड्डे खोदणे, राडारोडा ओढ्यापासून लांब टाकणे, ही कामे अभियंत्यांना नवी नाहीत. ती टाळून वाचवलेला पैसा खालच्या गावांकडून वसूल होतो, आणि हा सरळ अन्याय आहे. 22 जुलै 2021 च्या महापुरानंतर वाशिष्ठीतला गाळ काढावा म्हणून चिपळूणकरांना उपोषणाला बसावे लागले. त्या गाळाचा सगळा दोष महामार्गाचा नव्हे, जंगलतोडही त्यात आहे. पण माती वरून आली आणि भोगले खालच्यांनी, एवढे तरी नाकारता येणार नाही.

आपल्या गावावरून रस्ता जात असेल, तर मे महिन्यातच ग्रामसभेत विचारा: कापलेली माती कुठे टाकली? पावसाआधी उतार झाकणार कोण? आणि उत्तर लेखी मागा.