वस्तूचा दुसरा धनी

अर्थशास्त्राच्या ग्रंथांत ‘टिकाऊ उपभोग्य वस्तू’ असा एक शब्दप्रयोग आढळतो. शिलाईचे यंत्र, पंखा, शीतकपाट, दुचाकी ही त्याची नेहमीची उदाहरणे. शब्द जरा निरखून पाहिला तर त्याच्या पोटात एक विसंगती दिसते. ज्याचा उपभोग घ्यावा ते संपते आणि जे टिकते ते संपत नाही. धान्य आपण खातो व पुन्हा आणतो. पंखा एकदा आणला की तो वर्षानुवर्षे घरात नांदतो. म्हणूनच या वस्तूंच्या बाजाराची रीत धान्यबाजाराहून निराळी आहे. भूक उद्यावर ढकलता येत नाही, नव्या पंख्याची खरेदी मात्र पुढल्या उन्हाळ्यावर ढकलता येते. पंखे करणाऱ्या कारखानदाराचा सर्वांत चिवट प्रतिस्पर्धी कोण, असे विचारले तर त्याने स्वतःच वीस वर्षांपूर्वी विकलेला आणि अजून फिरत असलेला पंखा, असेच उत्तर द्यावे लागेल.

मग वस्तू चांगली करणे हे करणाऱ्याच्या हिताचे की अहिताचे? इतिहासाने या प्रश्नाची दोन उत्तरे नोंदवून ठेवली आहेत. १९२४ साली विजेच्या दिव्यांच्या बड्या उत्पादकांनी जिनिव्हा येथे संघ स्थापून दिव्याचे आयुष्य एक हजार तासांवर आणण्याचे ठरविले. अधिक काळ जळणारे दिवे करणाऱ्या सभासदास दंड होई. त्याच दशकात अमेरिकेतील मोटारींच्या धंद्यात दरसाल नवा घाट बाजारात आणण्याची प्रथा रुजली. पहिल्या उपायाने वस्तूच अल्पायुषी झाली. दुसऱ्या उपायाने वस्तू धडधाकट राहिली, पण धन्याच्या डोळ्यांना ती म्हातारी दिसू लागली.

तथापि टिकाऊपणाचे आंधळे स्तोत्र गाणेही बरोबर नाही. दिव्यांच्या बाबतीत असाही पक्ष मांडला गेला, की दीर्घकाळ जळणारा दिवा त्याच विजेत मंद उजेड देतो. आणि तो पक्ष अगदीच पोकळ नव्हता. जुने शीतकपाट पुष्कळदा नव्यापेक्षा अधिक वीज खाते. शिवाय आपल्याकडच्या जुन्या वस्तू टिकल्या त्यात टंचाईचा वाटा मोठा होता. १९७२ साली आलेल्या ‘चेतक’ स्कूटरसाठी लोकांनी वर्षानुवर्षे वाट पाहिली. अशी मिळालेली स्कूटर माणूस जिवापाड जपणारच. दुसरा मार्ग नसताना केलेल्या काटकसरीला सद्गुण म्हणणे धाडसाचे होईल.

तेव्हा प्रश्न केवळ ‘वस्तू किती वर्षे टिकावी’ एवढाच नाही. ती कोणासाठी टिकावी, हे पाहिले पाहिजे. आणि येथे आपल्या दृष्टीतून निसटणारा एक माणूस उभा आहे. तो म्हणजे वस्तूचा दुसरा धनी.

जबलपूर हे कारागिरांचे शहर. गन कॅरेज फॅक्टरी येथे १९०४ साली सुरू झाली आणि तेव्हापासून लोखंडाशी बोलणारे हात या गावाला कधी कमी पडले नाहीत. जुन्या वस्तू आणि सुटे भाग यांसाठी येथील गुरंदी बाजार प्रसिद्ध आहे. अशा बाजारात येणारे गिऱ्हाईक बहुधा नवी वस्तू घेण्याची ऐपत नसलेले असते. एका घराने टाकलेला पंखा दुसऱ्या घराचा पहिला पंखा होतो. वस्तूचे आयुष्य आखूड केले, किंवा ती उघडताच येणार नाही अशी चिकटवून बंद केली, की तोटा सर्वांत अधिक होतो तो या माणसाचा. आणि नव्या मालाच्या विक्रीच्या हिशेबात तो कोठेच नसतो. केंद्र शासनाने २०२२ साली ‘दुरुस्तीच्या हक्का’चा विचार करण्यासाठी समिती नेमली. या हक्काचा खरा वारसदार हाच माणूस आहे, असे मला वाटते.

परंतु सारा दोष कारखानदाराच्या माथी मारून आपण मोकळे होऊ शकत नाही. जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. विकणाऱ्याला गाडीचे दोष ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात. म्हणून घेणारा प्रत्येक गाडी सरासरी दर्जाची धरूनच भाव देतो आणि चांगल्या गाडीचा धनी बाजारातून निघून जातो, असे त्याने दाखविले. एकाच्या मौनाची किंमत सर्वांना मोजावी लागते.

सरकारी कचेरीत आम्ही कारकून मंडळी ज्या नियमाची थट्टा करतो, त्यात मला या प्रश्नाचे अर्धे उत्तर दिसते. २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांप्रमाणे टिकाऊ वस्तूंची वर्षातून एकदा तरी प्रत्यक्ष पडताळणी करावी लागते. आणि एखादी वस्तू काढून टाकायची तर ती अतिरिक्त, कालबाह्य की निकामी, याचे कारण लेखी नोंदवावे लागते. बाजाराची पुष्कळशी कला हे तीन शब्द एकमेकांत मिसळण्यात आहे. घरात जास्त झालेले आपण जुनाट ठरवितो, आणि जुनाट झालेले मोडके समजून टाकतो.

घरोघरी नोंदवही ठेवावी, असे मी सुचवीत नाही. मात्र वस्तू दाराबाहेर काढताना या तीन शब्दांपैकी नेमका कोणता लागू पडतो, हे मनाशी ठरवावे आणि तिच्यात दोष असेल तर तो घेणाऱ्याला स्वतः होऊन सांगावा. त्याने चार पैसे कमी मिळतील. ज्याच्या घरी ती वस्तू जाणार आहे, त्याचे तेवढे देणे आपल्याकडे लागतेच.